बांगड्यांचा आहेर

प्रमोदिनीबाई सेलूकरांना बासष्ट वर्षांत कधी कुणी नावं ठेवली नव्हती, आणि खरं सांगायचं तर कुणी डोक्यावरही घेतलं नव्हतं. सगळं कसं बेताबेतानं चाललं होतं. नवरा अनंतराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, मुलगा मिहिर पुण्याला, आणि पैठण रोडच्या कडेला गोदाई नगरात तीन खोल्यांचं घर. बारा वर्षांपूर्वी तिथं बाजरीची रानं होती. आता दोनशे घरं, चार किराणा दुकानं आणि एक जिम. धरणाचं पाणी शहराकडे नेणारा मोठा पाइप वसाहतीच्या अगदी अंगावरून जायचा, पण वसाहतीत नळ नव्हता. टँकर यायचा आठ दिवसांनी, आणि त्या दुष्काळी वर्षी आठाचे दहा झाले.

समोरच्या घरात सरूबाई राहायच्या. पिशोरची शेती दिराच्या हवाली करून नवऱ्यामागं शहरात आलेल्या. नवरा वाळूजला कंपनीत वॉचमन. टँकर कोपऱ्यावर वळला की ड्रायव्हरच्या हॉर्नआधी सरूबाईंचा आवाज गल्लीत पोचायचा. त्या पाइप धरायच्या, भांडणं मोडायच्या, आणि कुणी जास्तीचा ड्रम मध्ये घुसवला तर त्याच्या सात पिढ्या काढायच्या. या सरूबाईंचं आणि प्रमोदिनीबाईंचं अकरा वर्षांचं सख्य. इकडून साखरभाताची वाटी जायची, तिकडून ठेचा यायचा. मिहिर पुण्याला गेल्यापासून प्रमोदिनीबाईंना मनातलं बोलायला सरूबाईंखेरीज कुणी नव्हतं. अनंतराव होते, पण ते बोलत नसत, मुद्दे मांडत.

टँकर अकराव्या दिवशीही आला नाही, तेव्हा सरूबाईंनी कमरेला पदर खोचला आणि हंडा मोर्चा काढायचं ठरवलं. त्यांचा मुलगा सुदर्शन लगेच पुढं झाला. सुदर्शन तिशीचा, पांढरा कडक शर्ट, हातात दोन फोन. तो नेमका कोणत्या पक्षात आहे हे ताजं पोस्टर पाहिल्याशिवाय सांगता येत नसे. वॉर्डाची निवडणूक जवळ आली होती.

"काकू, साधा मोर्चा कुणी बघत नाही," तो प्रमोदिनीबाईंना म्हणाला. "इंजिनिअर साहेबाला साडीचोळी आन् बांगड्यांचा आहेर करू. लाइव्ह दाखवतो. एकदम हिट!"

आता ही आपल्याकडची जुनी रीत. काम न करणाऱ्या पुरुषाला भर ऑफिसात बांगड्या नेऊन द्यायच्या, म्हणजे तुझ्यात काही दम नाही असं चारचौघांत सांगितल्यासारखं. बांगड्या घालणाऱ्या बायकाच ती टोपली घेऊन सगळ्यांत पुढं असतात, याचं कुणालाच काही वाटत नाही. प्रमोदिनीबाईंनाही तोवर वाटलं नव्हतं.

बांगड्या आणायचं काम त्यांच्याकडं आलं, कारण औरंगपुऱ्यातला कासार त्यांच्या ओळखीचा. त्यांनी दुकानात जाऊन दोन डझन हिरव्या मागितल्या.

"माप?" कासारानं विचारलं.

प्रमोदिनीबाईंची पंचाईत झाली. साहेब अंगानं भरलेले, मनगट केवढं असेल? "पुरुषमाणसाचं," त्या चाचरत म्हणाल्या.

कासार हसला. "आंदोलनाच्या का? मग आधी सांगायचं ना काकू. त्या वेगळ्या येतात, हलक्या. कुणी घालत थोडंच? टेबलावर फेकायच्या."

त्यानं खोक्यातून काढलेल्या बांगड्या बघून प्रमोदिनीबाईंना कसंसंच झालं. टोकं नीट न जुळलेली, काच ओबडधोबड. असला माल हातात धरून रस्त्यानं जायचं म्हणजे चार बायका काय म्हणतील? त्यांनी चांगल्या घेतल्या, आपल्या मापाच्या. घरी येऊन कपाटातली एक कोरी साडी काढली. ती साडी तीन लग्नांत तीन घरं फिरून परत आलेली होती, चौथ्या घरी साहेबाकडं गेली तर बरंच होतं. वर खण ठेवला. तरीही ताट उघडंबोडकं वाटायला लागलं, म्हणून मूठभर तांदूळ, सुपारी, कुंकवाची कुयरी आणि नारळ. चाळीस वर्षांची हाताची सवय, ती मोर्चा आणि मंगळागौर यांत फरक कशाला करेल?

सोमवारी सकाळी अकराला ऐंशी बायका रिकामे हंडे वाजवत पाण्याच्या ऑफिसावर गेल्या. सरूबाईंनी घोषणा दिल्या, ऑफिसातले कारकून खिडकीशी आले. "भायेर या, साहेब! आहेर घ्यायला या!" सरूबाई ओरडल्या.

पण साहेबांची शनिवारीच बदली झाली होती. बाहेर आली ती एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी. अंगात साधा पंजाबी ड्रेस, गळ्यात बारीकसं मंगळसूत्र, मनगटावर घड्याळ सोडलं तर काही नाही. तिसऱ्यांदा बोलल्यावर तिचा आवाज ऐकू आला: "मी सायली, नवी इंजिनिअर. आजच रुजू झाले. मला दोन दिवस द्या, मी माहिती घेते."

मागून रेटा आला. सरूबाईंनी ताट प्रमोदिनीबाईंच्या हातात दिलं. "वैनी, तुमी वडीलधाऱ्या. तुमीच द्या!"

प्रमोदिनीबाई दोन पायऱ्या चढल्या. समोर मुलगी उभी, डोळे भरून आलेले, ओठ दाबून धरलेले. हातात ताट. ताटात बांगड्या. बांगड्या बाईला द्यायच्या. बाईला बांगड्या देऊन तिचा अपमान कसा करतात, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मग हात आपले आपण चालायला लागले. मुलीच्या कपाळाला कुंकू लागलं. तिची बोटं जुळवून, अंगठ्याखालचा भाग दाबून, एकेक बांगडी हलकेच वर चढली. मग साडी, खण, नारळ, तांदूळ. मुलीनं ओढणीचं टोक पसरलं आणि ओटी घेऊन वाकून नमस्कार केला.

"अखंड सौभाग्यवती भव," प्रमोदिनीबाईंच्या तोंडून गेलं.

हंडे वाजायचे थांबले. कोणती घोषणा द्यावी हे कुणाला सुचेना. ताट पायरीवरच ठेवून प्रमोदिनीबाई खाली उतरल्या, तेवढ्यात मागच्या तिघी-चौघी पुढं झाल्या, ताटातलं कुंकू उचललं, मुलीला लावलं आणि आपसांतही लावलं. कुणीतरी खुदकन हसलं. सुदर्शनचा फोन सगळा वेळ चालू होता.

संध्याकाळी मिहिरचा फोन आला. "आई, तू व्हायरल झालीस!"

"म्हणजे काय झालं मला?" प्रमोदिनीबाईंनी घाबरून विचारलं.

चार लाख लोकांनी ती ओटी पाहिली होती. अनंतराव खुर्ची ओढून बसले आणि चष्मा पुसून एकेक प्रतिक्रिया मोठ्यानं वाचायला लागले. आंदोलन असावं तर असं. हीच आपली संस्कृती. या माउलीला दंडवत. अमेरिकेतल्या कुणी बाईंनी लिहिलं होतं की त्या रडल्या. प्रमोदिनीबाईंना आवडलं, खोटं कशाला सांगू? आवडलं आणि लाजही वाटली. असं काय केलं आपण? उद्या सरूबाईंबरोबर पोट धरून हसू, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ज्यांची सत्ता होती त्यांनी तीच चित्रफीत उचलली. खाली लिहिलं: 'पाणीपुरवठ्याच्या कामावर खूश होऊन भगिनींनी केला अधिकाऱ्यांचा सन्मान.' दुपारी दोघं जण शाल-श्रीफळ घेऊन दारात हजर. प्रमोदिनीबाई नको नको म्हणेपर्यंत शाल खांद्यावर पडली, फोटोही निघाला. घरात प्यायला अडीच कळशा पाणी होतं. त्यातले चार पेले त्या दोघांना द्यावे लागले.

फोटो बाहेर पडला आणि वारं फिरलं. गोदाई नगरच्या बायकांना पाणी नको, साडी हवी. सेटिंग आहे. म्हातारी इंजिनिअरबाईची मावशी आहे. मग कुणीतरी आडनावावर गेलं, कुणीतरी त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या आडनावांवर गेलं, आणि पाण्याचा विषय कुठल्या कुठं वाहून गेला. ज्यांनी काल दंडवत घातला होता त्यांतलेच काही आज शिव्या घालत होते. अनंतरावांनी मोठ्यानं वाचणं बंद केलं. ते मनात वाचायला लागले, हे जास्त वाईट होतं.

बुधवारी दोन्हीकडची पोरं चौकात एकमेकांना भिडली. एकाचं डोकं फुटलं आणि दूधडेअरीची काच गेली. वसाहतीकडं निघालेल्या टँकरवर दगड आले. पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली आणि वातावरण निवळेपर्यंत टँकर येणार नाही असं कळलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. प्रमोदिनीबाई खिडकीतून बघत होत्या. आपण एका पोरीच्या हातात बांगड्या भरल्या आणि तिकडं एकाचं डोकं फुटलं, या दोन गोष्टींच्या मध्ये काय काय झालं हे त्यांना काही केल्या जुळवता येईना.

या सगळ्यापेक्षा एक गोष्ट त्यांना आतून कुरतडत होती. समोरचं दार बंद होतं.

सोमवारपासून सरूबाई आल्या नव्हत्या. हाक नाही, ठेचा नाही. प्रमोदिनीबाई अंगणात आल्या की समोरचा पडदा हलायचा आणि पुन्हा पडायचा. मंगळवारी त्या आपल्या फाटकापर्यंत गेल्याही होत्या, पण काय बोलायचं ते सुचलं नाही म्हणून परत फिरल्या. चुकलं म्हणायचं? पण चुकलं काय?

बुधवारी संध्याकाळी अनंतरावांनी फोन पुढं केला. "हे बघ. तुझ्या मैत्रिणीनं लिहिलंय."

डोक्यावर हंडा घेतलेल्या सरूबाईंचा फोटो. नाव: 'सरूबाई, गोदाई नगर'. खाली लिहिलं होतं: 'आम्ही पाण्यासाठी मोर्चा काढला. काही जणी साडीच्या मोबदल्यात विकल्या गेल्या. अकरा वर्षं जिला बहीण मानलं तिनं घात केला.'

प्रमोदिनीबाईंनी ते तीनदा वाचलं. बहीण मानलं, हे सरूबाईंनी तोंडानं कधी म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं ते असं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि गॅसजवळ उभ्या राहून तोंडाला पदर लावून रडल्या. साडी तर आपणच दिली, मग मोबदला कसला, हे त्यांना रडून झाल्यावर सुचलं.

गुरुवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "काकू, मी सायली. ओळखलंत का?"

"बांगड्या काढून टाकल्यास का गं?" प्रमोदिनीबाईंनी आधी तेच विचारलं.

"काढाव्या लागल्या. काकू, माझ्याकडून खुलासा मागितलाय. तक्रारदारांकडून साडी स्वीकारली म्हणून. मी अजून परिविक्षेवर आहे, नोकरी पक्की नाही." ती पुढं म्हणाली, "तुम्ही ओटी भरली ती माझा सन्मान म्हणून की अपमान म्हणून, ते त्यांना हवंय. सन्मान असेल तर मी भेटवस्तू घेतली असं होतं. अपमान असेल तर तो निषेध, मग माझ्यावर काही येत नाही. तुम्ही अपमान केला असं म्हणाल का? माझ्यासाठी?"

"बघते गं," म्हणत प्रमोदिनीबाईंनी फोन खाली केला. इकडून अनंतराव हळूच म्हणाले, "कृतीमागचा हेतू काय होता, तो एका वाक्यात लिहून काढ. सगळा घोळ संपेल." चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे हेतू फायलीत एका वाक्यात बसवले होते. प्रमोदिनीबाई खरोखर वही घेऊन बसल्या. 'मी ताट घेऊन गेले तेव्हा अपमान करायला गेले होते,' एवढं लिहिलं. ते खरं होतं. 'पण' असं पुढं लिहिलं आणि पेन तिथंच अडलं. ती मुलगी रडवेली होती म्हणून? तिला काही बोलवेना म्हणून? की ताटात कुंकू होतं म्हणून? हात पुढं गेला तेव्हा मन कुठं होतं, हे त्यांना आठवत नव्हतं. अकरा वाजले तरी वाक्य 'पण'वरच होतं.

साडेअकराला सुदर्शन आला. "काकू, मी काय म्हणतो, एक छोटा व्हिडिओ करू. तुम्ही फक्त सांगायचं की हा निषेधच होता, शाल आम्हाला नको, पाणी द्या. आपली बाजू क्लिअर. माझी आईपन गल्लीत तोंड वर करून फिरंल."

"सरूबाई फार रागावल्यात का रे?"

"आता तुम्हीच बघितलं ना काय लिहिलंय ते," सुदर्शन फोनकडं बघत म्हणाला.

एका वाक्यानं मुलीची नोकरी राहणार, मोर्चाची अब्रू राहणार, आणि समोरचं दार उघडणार. खोटं तरी किती? अर्धं तर खरंच होतं. प्रमोदिनीबाईंनी साडी नीट केली, सुदर्शननं त्यांना तुळशीपाशी उभं केलं आणि त्या बोलल्या.

"मी जे केलं ते अपमान करण्यासाठीच केलं. काम न करणाऱ्यांना आम्ही बांगड्या देतो. बाई असो नाहीतर पुरुष." शेवटचं वाक्य सुदर्शननं सुचवलेलं होतं. ते म्हणताना त्यांची जीभ अडखळली, म्हणून ते दोनदा घ्यावं लागलं.

तासाभरात सायलीचा निरोप आला: 'आभारी आहे काकू.' पुढं काहीच नाही. प्रमोदिनीबाईंना ते तीन शब्द फार थंड वाटले, मग वाटलं, हेच तर मागितलं होतं तिनं. फोनवर नव्या शिव्या सुरू झाल्या होत्या. लेकीसारख्या पोरीचा अपमान करते आणि वर आशीर्वाद देते, कसली बाई! सोमवारी रडलेल्या अमेरिकेतल्या बाईंनीही लिहिलं होतं की आपले अश्रू वाया गेले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणावं, तर आपण गणपती करायला बसलो होतो की मारुती, इथूनच प्रमोदिनीबाईंचा घोळ होता. त्यांनी फोन उशीखाली ठेवला आणि खिडकीशी जाऊन बसल्या. आता समोरचं दार उघडायला हवं.

चारच्या सुमाराला ते उघडलं. सरूबाई रस्ता ओलांडून आल्या. हातात सुदर्शनचा फोन होता. चार दिवसांत त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. त्या नेहमीसारख्या सरळ स्वयंपाकघरात आल्या नाहीत, बाहेरच्या ओट्यावरच थांबल्या.

"वैनी, यात बोलताय त्या तुमीच का?"

"मीच. या ना आत."

"त्या पोरीचा अपमान कराया कुकू लावलं तुमी?"

 "तसं नाही हो, पण..." प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"मंग कसं? मी तिथंच व्हते. तुमच्या मागून मीबी कुकू लावलं तिला. पोरगी थरथर कापत व्हती. मला माझी भाची दिसली तिच्यात. म्या काय अपमान केला का तिचा?"

सरूबाई त्या तिघी-चौघींत होत्या! प्रमोदिनीबाईंनी मागं वळून पाहिलंच नव्हतं. चार लाख लोकांनी पाहिलेली ती चित्रफीत त्यांनी स्वतः एकदाही शेवटपर्यंत पाहिली नव्हती.

"सरूबाई, मी तुमच्यासाठी बोलले हो. तुम्ही एवढं रागावलात. लिहिलंत ना तुम्ही, की मी घात केला, साडीसाठी विकली गेले..."

"मी लिव्हलं?"

"तुमचं नाव होतं. फोटोही तुमचाच."

सरूबाईंनी हातातल्या फोनकडं पाहिलं, मग प्रमोदिनीबाईंकडं. आवाज मुळीच चढला नाही, आणि त्यांचा न चढलेला आवाज प्रमोदिनीबाईंनी कधी ऐकला नव्हता.

"अकरा वर्सं माझं लाइटबिल कोन वाचून दाखवतं, वैनी?"

प्रमोदिनीबाईंना अकरा वर्षांची बिलं आठवली.

"राशनच्या कागदावर अंगठा कुठं लावायचा, ते कोन दाखवतं मला? पिशोरहून दिराची चिठ्ठी आली तर कुनाकडं येते मी?"

"माझ्याकडं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"व्हय. साऱ्या जगाला ठाव नव्हतं, त्याचं काय नाय. तुमाला ठाव व्हतं."

"मग तुम्ही दार का लावून बसलात? मला वाटलं..."

"लाज वाटत व्हती. ताट म्या तुमच्या हातात दिलं. तुमी कवा मोर्चाला गेल्या नव्हत्या, माज्यापायी गेल्या. आन् समदी दुनिया तुमाला शिव्या द्याया लागली. माजं प्वार बी काय काय करत व्हतं, मला कळत नव्हतं, पन वास येत व्हता. कंच्या तोंडानं येऊ? रोज पडद्याआडून बघत व्हते, वैनी येतील, दोन शिव्या देतील, मंग रडून मोकळी व्हईन." सरूबाईंनी फोन ओट्यावर ठेवला. "तुमी आल्या नाय. तुमी त्याच्यात बोलल्या. मला तुमचं बोलनं शेजारच्या पोरीनं ह्याच फोनात दाखवलं."

"माझं चुकलं, सरूबाई," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. गेल्या चार दिवसांत हे एकच वाक्य असं होतं की ज्याबद्दल त्यांच्या मनात काही गोंधळ नव्हता.

सरूबाईंनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. त्या वळून रस्ता ओलांडून गेल्या. ओट्यावर राहिलेला फोन थरथरत होता. बघणारे दोन लाख झाले असावेत, किंवा तीन.

प्रमोदिनीबाईंनी चपलाही घातल्या नाहीत. रस्ता तापलेला होता. वीस पावलांचा रस्ता, जो सोमवारपासून त्यांना ओलांडता आला नव्हता, तो त्यांनी ओलांडला आणि फाटक ढकलून समोरच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

सरूबाईंनी दार लावलं नव्हतं. त्या आत पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांना पावलं ऐकू आली असणार, कारण हात थांबले. पण त्या वळल्या नाहीत आणि 'या' असंही म्हणाल्या नाहीत. अकरा वर्षांत त्यांनी कधीच 'या' म्हटलं नव्हतं, तशी गरजच पडली नव्हती. आज ती आहे की नाही, हे प्रमोदिनीबाईंना ठरवता येईना, आणि त्या उंबऱ्याबाहेर पाय भाजत उभ्या राहिल्या.